गावानं आपला म्हटलेला मुलगा

निझारच्या शर्टाच्या बाहीवर ती राखाडी चमक मला दिसली तेव्हा मी गच्चीवर धुणं वाळत घालत होते. ओला शर्ट झटकला आणि बाहीची कड उन्हात मासळीच्या खवल्यासारखी चकाकली. बोट फिरवून पाहिलं, बोट रुपेरी झालं. मग टोपलीतले बाकीचे कपडे उपसले. सगळे सुती. शर्ट सुती, बनियन सुती, मोजेसुद्धा सुती. जानेवारीत आल्यापासून हा मुलगा जी नायलॉनची फुटबॉल जर्सी अंगावरून उतरवत नव्हता, ती कुठेच नव्हती.

मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. संसार केला तेवढी वर्षं मी हेच कपडे धुतलेत. माझा नवरा विस्तिन दिवसा गावात टपाल वाटायचा आणि संध्याकाळी संत रोक्कूच्या दारूकामाच्या खोलीत जायचा. गावाच्या सणासाठी शोभेची दारू भरायची ही खोली शेतात आहे, वस्तीपासून लांब. तिथे नायलॉन घालून कुणी पाऊल टाकत नाही, कपड्यातून ठिणगी पडते म्हणून. आणि दारूत चमकीसाठी घालतात ती अल्युमिनियमची भुकटी, कितीही साबण लावा, पहिल्या धुण्यात जात नाही. हे काम आमच्या बेटावर कुणी मजुरीसाठी करत नाही, हौसेनं करतात. म्हणून तर कुणाला ते सोड म्हणून सांगता येत नाही. एका जुलैत ती खोली उडाली. विस्तिन गेला, त्याच्याबरोबर आणखी दोघे गेले. शवपेटी आम्हाला उघडून दाखवली नाही. ज्यांनी ती खांद्यावर घेतली, त्यांना ती फार हलकी लागली, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून समजलं.

त्यानंतर खोली पुन्हा बांधली. विस्तिनचा पुतण्या चेन्सू आता तिथला प्रमुख आहे.

विस्तिन गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हापासून मी परदेशी विद्यार्थी ठेवते. या बेटावर शिकायला जगभरातून मुलं येतात. कॉलेजची रंगीत पुस्तिका आहे, तिच्यावर लिहिलंय, 'सगळ्या जगाला आपलं म्हणणारं बेट'. खाली आमच्या गल्लीचा फोटो. फोटोत माझं दार निळंशार दिसतं. ते फोटोवाल्यांनीच रंगवलं होतं, फोटोत येईल तेवढंच. वरचा भाग अजून तसाच आहे. माझ्याकडे एक जपानी मुलगी होती, सणाच्या दारूकामाचे बार उडायला लागले की पलंगाखाली जाऊन बसायची. एक कोलंबियाचा होता, तो बार सुरू झाले की रस्त्यावर नाचायला जायचा. सगळे आले, राहिले, रडत गेले, एक-दोन नाताळला शुभेच्छा पाठवून विसरले. त्याचं मला काही नाही. पण निझार वेगळा होता.

तो ट्युनिशियातल्या महदियाचा. बाप मच्छीमार, आई शिवणकाम करते. तो इथे जहाजाची इंजिनं शिकायला आला होता. त्यांची भाषा आणि आमची निम्मी एकच, त्यामुळे आठवड्याभरात तो बेकरीवाल्या बाईशी भांडायला लागला. भांडण आलं की भाषा आली. मला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणाला. सशाच्या मांसाला हात लावायचा नाही, पण पावाला टोमॅटो चोळून, वर तेल आणि केपरच्या खारवलेल्या कळ्या घालून दिला की बसल्या बैठकीला अर्धा पाव संपवायचा. माझी गळकी टाकी त्यानं न सांगता दुरुस्त केली. त्याची आई रादिया रविवारी फोन करायची, तेव्हा तो फोन माझ्या हातात द्यायचा आणि आम्ही दोघी अर्ध्या त्यांच्या, अर्ध्या आमच्या भाषेत त्याच्या जेवणाबद्दल बोलायचो. "ताई, तिकडे त्याची आई तुम्हीच," असं ती दर वेळी म्हणायची. मला बरं वाटायचं. का वाटू नये?

गावालाही तो आवडला. वसंतात क्लबवाले सणाचे खांब रंगवायला बसले की वाटेनं जाणाऱ्याला हाक मारतात, तशी त्यालाही मारली. तो खांब रंगवायला बसला. मग पताका लावायला शिडीवर चढला. मग कुणीतरी त्याच्या गळ्यात क्लबचा निळा रुमाल घातला. आमच्या गावात संतांचे सण साजरे करणारे दोन क्लब आहेत, संत रोक्कूचा आमचा निळा आणि संत कतरिनाचा लाल, आणि निळ्या घरातली माणसं लाल घरातून मीठसुद्धा मागत नाहीत. त्या रुमालासाठी इथे जन्म घ्यावा लागतो. निझारला तो चार महिन्यांत मिळाला. मी त्याला म्हटलं होतं, "अरे, तू मुसलमान, तुला संत रोक्कूचं काय?" तर म्हणाला, "मावशी, तुम्ही देवाला अल्लाच म्हणता. मग भांडण कशाला? आणि मूर्तीत संताच्या पायाशी बसलेला तो कुत्रा मला फार आवडतो."

मी हसले होते. त्याच वेळी सावध व्हायला हवं होतं. आमचं गाव एखाद्याला आपला म्हणतं, तेव्हा त्याला नुसतं जेवायला बोलावून थांबत नाही. जे स्वतःच्या मुलाला देतं, तेच त्यालाही देतं.

त्या संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा मी शर्ट त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"हे काय आहे?"

"शर्ट आहे, मावशी."

"बाही बघ."

त्यानं पाहिलं. "वर्कशॉपमधलं असेल. आज इंजिन उघडलं होतं आम्ही."

"इंजिनात अल्युमिनियमची भुकटी भरतात होय? मग तुमची जहाजं चालत नसतील, उडत असतील."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्यानं पाव खाली ठेवला.

"चेन्सू म्हणाला होता, तुला कळू द्यायचं नाही."

"चेन्सूला अक्कल असती, तर तो तुला तिथे घेऊन गेला नसता. कधीपासून?"

"ईस्टरनंतर. मी भरत नाही गं मावशी, अजून नाही. कागद चिकटवतो, दोरा गुंडाळतो. चेन्सू म्हणतो माझा हात हलत नाही. गोळ्यावर दोरा गुंडाळताना हात हलून चालत नाही."

"विस्तिन कसा गेला माहितीये तुला?"

"माहितीये," तो म्हणाला. आणि मग जरा अभिमानानंच, "त्याचा फोटो आहे तिथे दाराशी. आत जाताना सगळे त्याला हात लावून जातात. मीही लावतो."

हा मुलगा माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या फोटोला हात लावून त्याच दारानं आत जातो, आणि ते मला आनंदानं सांगतो. मी त्याला नाही नाही ते बोलले. मूर्ख म्हटलं, कृतघ्न म्हटलं, तुझ्या आईला आता फोन लावते म्हटलं. त्यानं ताटाशेजारचा शर्ट उचलून मांडीवर घेतला. माझा दम संपल्यावर म्हणाला,

"मावशी, कॉलेजमध्ये मी कोण आहे सांगू? हजेरीतला एक आकडा. बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटच्या थांब्यापर्यंत रिकामी राहते, बाया उभ्या राहतात पण बसत नाहीत. त्या खोलीत मला 'आमचा निझार' म्हणतात. मला माझ्या गावातसुद्धा कुणी असं म्हणत नाही. तिथे मी नुसता सालहचा धाकटा."

"म्हणून मरायचं?"

"मरतोय कोण? इतकी माणसं काम करतायत. सगळी जिवंत आहेत."

"जी आहेत तीच तुला दिसणार ना बाबा," मी म्हटलं.

शेवटी मी रडले. ते पाहून त्यानं आईच्या गळ्याची शपथ घेतली की पुन्हा जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी क्लबमध्ये चेन्सूला गाठलं. तो चहाचा पेला समोर घेऊन बसला होता. मला पाहून त्यानं खुर्ची ओढली.

"ये काकी. काय घेणार?"

"तुझा कान घेणार. परवाना आहे का रे त्या मुलाकडे?"

"कुठल्या?"

"जास्त शहाणपणा करू नकोस. माझ्यासमोर शेंबूड पुसायला शिकलायस तू."

चेन्सूनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काकी, परवान्याचा कागद काय हात धरतो का आपला? अंगात शिस्त लागते. आपल्या पोरांचं बघ. आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून एक जण फिरकत नाही. अर्धा तास त्या डबड्याशिवाय राहवत नाही त्यांना. आणि हा परका पोरगा बसतो, मान वर करत नाही. मला हात हवेत. लालवाले यंदा बाहेरून तयार माल आणतायत, ऐकलंस ना? तयार! विकतचा! लाज नाही त्यांना."

"तू मुलाबद्दल बोल."

"बोलतोय की. सगळ्यांचा जीव आहे त्याच्यावर. गाव आपला मानतं त्याला."

"विस्तिनलाही मानत होतं."

यावर त्यानं पेला बाजूला सारला. विस्तिननंच त्याला हे काम शिकवलेलं. मग म्हणाला, "काकी, तू पोलिसांत गेलीस तर मी तुला अडवणार नाही. खोलीला सील लागेल. मी कोर्टात जाईन. यंदा संत रोक्कू मुका निघेल मिरवणुकीत. गाव काय म्हणेल ते तुला मी सांगायला नको. तुला इथेच राहायचंय, एवढंच म्हणतो."

हे त्यानं धमकावून म्हटलं नाही, काळजीनं म्हटलं, आणि तेच जास्त लागलं. मग माझी भाजीची पिशवी उचलून तो मला दारापर्यंत सोडायला आला, वाटेत गुडघ्याचं कसं आहे म्हणून विचारलं.

जूनमध्ये माझ्या दोरीवर फुटबॉलची जर्सी परत दिसायला लागली. माझ्या जिवात जीव आला. निझार सकाळी बस पकडायचा, संध्याकाळी यायचा, जेवायचा, अभ्यासाला बसायचा. मी त्याच्यासाठी छोट्या मासळीचं सूप करायचे, त्याच्या आईला सांगायचे की मुलगा सोन्यासारखा आहे. एकदा कॉलेजातल्या बाईचा फोन आला, निझार आजारी आहे का? मी गोंधळले, पण मुलाची बाजू सांभाळायची सवय, म्हटलं हो, पोट बिघडलंय. नंतर पुन्हा फोन आला. पुन्हा पोटच बिघडवलं. संध्याकाळी त्याला विचारलं तर म्हणाला, सकाळचा तास कंटाळवाणा असतो, मावशी, मित्राच्या वह्या आहेत.

मला ते पटलं, कारण मला पटवून घ्यायचं होतं. मग एक दिवस गच्चीवर चादरी घालताना सहज नजर चेन्सूच्या गच्चीवर गेली. त्याच्या बायकोच्या दोरीवर चेन्सूचे शर्ट होते, तंबूएवढे, आणि त्यांच्याशेजारी तीन अरुंद, लांब सुती शर्ट. चेन्सूला मुलगे नाहीत.

निझार घरातून जर्सी घालून निघायचा, चेन्सूकडे कपडे बदलायचा, दिवसभर खोलीत बसायचा, आणि संध्याकाळी अंघोळ करून, जर्सी घालून, माझ्यासमोर जेवायला बसायचा. आईच्या गळ्याची शपथ घेऊन. गावातल्या निम्म्या माणसांना ते माहीत होतं. बेकरीवालीला माहीत होतं. मला बघून सगळे गोड हसत होते.

त्यानंतर माझं कशातच लक्ष लागेना. जुलै आला. सणाआधी शेतातून एखादा बार उडवून पाहतात, तसा आवाज झाला की हातातलं भांडं पडायचं आणि मी खिडकीशी धावायचे, धूर वर दिसतो की खाली, ते बघायला. वर दिसला की पडलेलं भांडं उचलायला परत यायचे. निझारशी मी पुन्हा बोलले. या वेळी त्यानं शपथ घेतली नाही. म्हणाला, "सण होईपर्यंत, मावशी. एवढा एकच सण. मी स्वतः भरलेला एक गोळा आहे त्यात. तो वर गेलेला मला बघू दे."

स्वतः भरलेला. म्हणजे दोऱ्यावरून तो दारूवर आला होता.

मी पोलिस चौकीत गेले. खरंच गेले. टेबलामागे आमच्याच गल्लीतला हवालदार बसला होता, भिंतीवर संत रोक्कूचं चित्र, खुर्चीच्या पाठीवर निळा रुमाल.

"काय चेत्ताकाकी? आज इकडे कुठे?"

डोळ्यांसमोर चेन्सू आला, बेड्या घातलेला. त्याची बायको दिसली. मुकी मिरवणूक दिसली, आणि सगळं गाव माझ्या बाल्कनीकडे बघत चाललेलं. विस्तिनची बायको, हिनं विस्तिनची खोली बंद केली. मेल्यावर माझी पेटी उचलायला तरी कोण आलं असतं?

"मांजर हरवलंय," मी म्हटलं.

"तुझ्याकडे मांजर कुठंय?"

"म्हणूनच तर," मी म्हटलं आणि बाहेर पडले. मागून तो हसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजातल्या त्या बाईचा फोन आला. आवाज गोड होता तिचा. "निझारचं पोट अजून बरं नाही का हो? त्याची हजेरी फारच खाली गेलीय. डॉक्टरांचं काही पत्र असेल तर त्याला मदत करता येईल."

मी खिडकीतून शेताकडे बघत होते.

"त्याचं पोट ठणठणीत आहे," मी म्हटलं. "कधीच बिघडलं नव्हतं."

"मग तो येत का नाही?"

आता सांगायची वेळ होती. खोलीचं नाव घ्यायचं, चेन्सूचं नाव घ्यायचं. मी म्हटलं, "भटकतो मित्रांबरोबर. उशिरापर्यंत झोपतो. मी तरी किती सांगू?"

रोज माझ्याआधी उठून कॉफी ठेवणाऱ्या मुलाबद्दल मी हे बोलले. ती बाई हळहळली. मी फोन ठेवला आणि मला हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. सुटला, म्हटलं. आता इथून जाईल, आईकडे जाईल, जिवंत राहील. आणि कुणाला काही कळणारही नाही.

पुढचं भराभर झालं. हजेरी नाही म्हणून नाव कमी झालं, नाव कमी झालं म्हणून राहायची परवानगी गेली. एवढ्या तातडीनं या सरकारात दुसरं काही होत नाही. चेन्सू स्वतः कॉलेजात जाऊन आला, कुणाकुणाच्या ओळखी काढल्या, उपयोग झाला नाही. कॉलेजातल्या बाईनं निझारला सगळं सांगितलं होतं. मी काय बोलले तेही.

तो बॅग भरत होता. मी दारात उभी होते. त्यानं जर्सीची घडी केली, वह्या ठेवल्या, निळा रुमाल हातात घेतला आणि मग मान वर करून मला विचारलं,

"मावशी, तुला माझ्यासाठी भीती वाटत होती, की त्यांची?"

"तुझ्यासाठी रे. तुझी शपथ."

"मग खोली बंद करायची होतीस." तो ओरडला नाही, नेहमीसारखाच बोलत होता. "मी गेलो तरी बाकीचे आत आहेतच. चेन्सू आत आहे. तू खोलीला हात लावला नाहीस. मला काढलंस. मला काढणं सोपं होतं."

तो बोलला ते खरं होतं. मी गावाला धक्का लागू दिला नाही, आणि गावाचा सगळ्यात सैल धागा होता तो ओढून काढला. आम्ही त्याला कितीही आपला म्हटलं तरी कुठला धागा सैल आहे, हे माझ्या हाताला न सांगता माहीत होतं.

विमानतळावर सोडायला क्लबचे सात-आठ जण आले. चेन्सू लहान मुलासारखा रडला. कुणीतरी गरम पास्तिझ्झींचा, चीज भरलेल्या खुसखुशीत करंज्यांचा, खोका आणला होता, आईला दे म्हणून. सरकारला सगळ्यांनी शिव्या घातल्या. निझारनं कुणालाही काही सांगितलं नाही. माझ्या दोन्ही गालांना गाल लावला, जसा रोज लावायचा, आणि आत गेला. परतीच्या वाटेवर गाडीत सगळे माझंच सांत्वन करत होते. "मुलगाच गेला गं तुझा, चेत्ता," असं म्हणत बेकरीवालीनं माझा हात घरापर्यंत सोडला नाही.

त्याच रात्री रादियाला फोन केला. ती काळजीत होती, मुलगा एक शब्द बोलत नाही म्हणाली. मी तिला दारूकामाच्या खोलीबद्दल सांगितलं, विस्तिनबद्दल सांगितलं, इथे राहिला असता तर मेला असता म्हणून सांगितलं. ती रडायला लागली. "अल्ला तुमचं भलं करो, ताई," म्हणाली. कॉलेजला कुणी काय सांगितलं, ते तिनं विचारलं नाही आणि मी बोलले नाही.

मी त्याची खोली कुणाला दिली नाही. कॉलेजातून विचारलं, मी नाही म्हटलं.

ऑगस्टमध्ये सण आला. सकाळपासून शेतातून बार सुटत होते. मी बाल्कनी उघडली नाही. स्वयंपाकघरात बसून वांगी चिरत होते आणि ऐकत होते. एकेक बार सुटला, वर गेला, जिथे फुटायचा तिथे फुटला. सगळं नीट. गल्लीतून टाळ्यांचा आवाज यायचा. असं दुपारपर्यंत चाललं, आणि मग मला जाणवलं की प्रत्येक बार वर फुटला की मला वाईट वाटतंय. मी वाट बघत होते. एकदा तरी खाली फुटावा, म्हणजे मी केलं ते बरोबर होतं असं होईल. त्या शेतात चेन्सू होता, ज्याचा शेंबूड मी पुसलाय. मी सुरी बाजूला सारली आणि नळाखाली तोंड धरून उभी राहिले, पण मनातलं गेलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. रादिया होती.

"ताई, पोचला का तो?"

"कोण?"

"निझार. तुमच्याकडे पोचला का?"

मी म्हटलं, "माझ्याकडे कसा येईल? त्याला परवानगी कुठंय?"

"होडीनं निघालाय," ती म्हणाली. "मंगळवारी, आज पाचवा दिवस. आमच्या गल्लीतले आणखी दोघे आहेत बरोबर. त्याचा बाप किनाऱ्यावर धावला, तोवर गेले होते. मी त्याला आदल्या दिवशी विचारलं होतं, कपडे का भरतोयस, कुठे निघालास? तर म्हणाला, माझ्या गावी. सणाला पोचायचंय. तिथे मावशीकडे माझी खोली आहे." तिचा श्वास लागला होता. "फोन लागत नाही त्याचा. त्या दोघांचाही लागत नाही. मी म्हटलं तुमच्याकडे असेल."

मी भिंतीला टेकले. बाहेर एकामागून एक पाच-सहा बार झाले, खिडकीच्या काचा थरथरल्या.

"हा आवाज कसला?" रादियानं घाबरून विचारलं.

"बार आहेत. आज सण आहे."

"आज आहे?" तिचा आवाज एकदम बदलला. "मग तो तिथेच असेल, ताई. तुमच्याकडे यायला लाजला असेल. गर्दीत असेल. बघा ना. खिडकीतून बघा जरा."

"रादिया," मी म्हटलं, "ऐक. त्याला परत मी पाठवला होता. कॉलेजला मीच सांगितलं."

"माहितीये," ती म्हणाली. "त्यानं सांगितलं मला. म्हणाला, मावशी घाबरली होती. तिला काही बोलू नकोस." आणि लगेच, "बघितलंत का? बघा ना, ताई."

मी बाल्कनी उघडली. खाली गल्ली निळ्या रुमालांनी भरली होती, सगळे खांद्याला खांदा लावून बँडबरोबर सरकत होते. कुणीतरी मला पाहून हात हलवला. मी वाकून बघायला लागले.

"दिसतोय का?"

"गर्दी फार आहे," मी म्हटलं.

"दिसेल. उंच आहे तो. दिसला की आधी जेवायला घाला, मग रागवा. आणि ताई, या वेळी त्याला परत पाठवू नका."

"नाही पाठवणार."

"शपथ घ्या."

मी घेतली. तिनं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. तो कानाला तसाच धरून मी खालून जाणाऱ्या एकेका मुलाचा चेहरा बघत राहिले.